चौथी मुलगी

पेशकाय, १४ सप्टेंबर १९९८

व्हितोरेताई,

काल आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याने पाळणा फोडला. तुझ्या माहेरून आलेला, अक्रोडाच्या लाकडाचा. तुझे दोघे त्यात झोपले, मग माझ्या तिघी. माझ्या लीझाने त्यात मांजरीची पिल्लं निजवली होती आणि अंगाई म्हणत बसली होती. म्हातारा आत आला, बघितलं, म्हणाला, "बरोबर आहे. या घरात आता मांजरंच वियायची." आणि बाहेर जाऊन कुऱ्हाड घेऊन आला. मी लीझाला ओढून बाजूला घेतलं. पिल्लं उड्या मारून पळाली, एक आत राहिलं. त्याच्यासकट फोडला. मग फळ्या चुलीशेजारी रचल्या आणि म्हणाला, "हिवाळ्याला होतील."

लीझा तेव्हापासून बोलत नाही. कुऱ्हाड दिसली की चड्डीत करते.

ताई, मला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना. सासूबाईंनी गावभर सांगून टाकलंय की या खेपेला मुलगाच. परवा घेवडा सोलताना मला म्हणाल्या, "मी तुझा राग करते असं समजू नकोस, पोरी. पण माझे गुडघे गेले. उद्या मला धरून परसाकडे कोण नेईल? तुझ्या पोरी? त्या दुसऱ्याच्या म्हातारीला नेतील."

मी म्हटलं, "तुमचा धाकटा, तोम, आहे की."

"तोम आज आहे. ज्याला मुलगा नाही त्याचा पाय घरात टिकत नाही. थोरला झेफ गेला तसा हाही एक दिवस डोंगर ओलांडेल. मुलगा झाला की मेख ठोकली जाते."

झेफभावजींना विचारशील का, या हिवाळ्यापुरतं तरी सासू-सासऱ्यांना तिकडे नेतील का? घरातली हवा थोडी निवेल. नेणं जमत नसेल तर निदान येऊन जा म्हणावं. थोरल्या मुलाला बघून म्हातारा जरा माणसात येतो.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. गोठ्याच्या पायरीवरून पडले, हात दुखावलाय. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव, माझी थोरली द्राने दप्तरातून आणते.

तुझी धाकटी जाऊ,
दिला


सालोनिका, १० ऑक्टोबर १९९८

दिला,

गोठ्याला पायरी नाही. पाच वर्षं मी त्या गोठ्यातलं शेण काढलंय, मला शिकवतेस? तोमने मारलं ना? की म्हाताऱ्याने? पुढच्या पत्रात खरं लिही, नाहीतर लिहूच नकोस.

पाळण्याचं वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. इथे रडायला तेवढीच जागा आहे.

तुला एक गंमत सांगते. मी जिच्याकडे काम करते त्या ग्रीक म्हातारीला तीन मुलगे आहेत. तीन! आपल्या म्हाताऱ्याने ऐकलं तर आकाशात फैरी झाडेल. एक वकील, एक जहाजावर, एक याच गल्लीत पलीकडे राहतो. ईस्टरला येतात, लाल अंडी फोडतात, आईच्या गालाचा मुका घेतात, जातात. तिचं ढुंगण मी धुते. मी, पेशकायची व्हितोरे, जिचं नाव तिला अजून नीट घेता येत नाही. हे जाऊन सांग सासूबाईंना. नको, सांगू नकोस, मार खाशील.

आणि माझे दोघे? एदीला मी आपल्या भाषेत हाक मारली तर तो रस्त्यात ओळखही देत नाही. आर्बेन विचारतो, आजोबांना लिहिता-वाचता येत नाही हे खरं का गं? या माझ्या म्हातारपणाच्या काठ्या! झेफ म्हणतो, आणखी एक होऊ दे, परक्या मुलखात दोन पुरत नाहीत. मी म्हटलं, तू वी.

त्याला तुझा निरोप सांगितला. म्हणाला, "धाकटा घरी राहतो. हा नियम काय मी केला?" पण दिला, तो पूर्वीचा झेफ राहिलेला नाही. तुझं पत्र मी मोठ्याने वाचते तेव्हा घास हातात धरून ऐकतो. परदेशाने माणूस मवाळ केला.

तू श्कोद्राला जाऊन सोनोग्राफी करून घे. मुलगा असला तर गावाला सांग. मुलगी असली तर आधी मला सांग.

व्हितोरे


पेशकाय, ८ नोव्हेंबर १९९८

ताई,

खरं आहे, गोठ्याला पायरी नाही. तोमने मारलं, पट्ट्याने. पाळणा फुटला त्याच्या आदल्या दिवशी. चर्चबाहेर म्हाताऱ्याने चार माणसांदेखत त्याला "मुलींचा बाप" म्हणून हाक मारली होती. तो राग काढायला जागा म्हणजे मी. मारता मारता रडत होता गं. "मी या दोघांना मरेपर्यंत वाहायचं, आणि मग मला कोण वाहणार?" एकतिशीचा माणूस, एकटा दगड उचलून भिंत रचतो, आणि म्हातारपणाला भिऊन लहान मुलासारखा रडतो. मला मार लागत होता आणि त्याची कीवही येत होती. तुझं कधी असं झालंय?

श्कोद्राला गेलो. मी, तोम आणि सासूबाई. दवाखाना एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात बायकांची रांग, आणि प्रत्येकीबरोबर तिचा नवरा किंवा सासू. माझ्या पुढे एक लालसर केसांची बाई होती, पोरगेलीशी. ती आतून बाहेर आली, नवऱ्याला काही बोललीही नाही, नुसती मान हलवली. त्याने तिथेच तिच्या तोंडात मारली. ती दोन पायऱ्या घसरली. पुन्हा उठवून पुन्हा मारली. तिच्या नाकातलं रक्त भिंतीला लागलं. रांगेतली माणसं सरकली, त्याला जागा करून दिली. सासूबाई म्हणाल्या, "जिन्यात तरी नको रे."

मग माझा नंबर. डॉक्टरने पोटावर ते गार गार लावलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मुलगी. काढायची असेल तर आत्ता सांग. कायद्यात बसत नाही, तेव्हा नंतर रडत येऊ नकोस."

मी कपडे नीट केले. दार उघडलं. तोम समोर उभा होता, हात पट्ट्यावर. जिन्यातली ती भिंत अजून ओली होती.

मी म्हटलं, "मुलगा."

ताई, मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं.

तोमने मला उचललं. सासूबाई जिन्यातच गुडघ्यांवर बसल्या, ते गेलेले गुडघे टेकून. घरी येताना तोमने गाडीच्या खिडकीतून बंदूक बाहेर काढून गोळ्या झाडल्या, ड्रायव्हर शिव्या देत होता आणि हसतही होता. आता मला मध मिळतो, अंडी मिळतात. पाण्याची कळशी कोणी उचलू देत नाही.

मार्चमध्ये काय करू ते तू सांग. मला सुचत नाही.

दिला


सालोनिका, २ डिसेंबर १९९८

अगं बये,

वाचून मी आधी हसले आणि मग उठून दाराला कडी घातली. शाबास. आणि मूर्ख. दोन्ही.

आता ऐक. मार्चपर्यंत तिथे राहायचं नाही. जानेवारीच्या शेवटी सांग की लाच गावच्या संत अंतोनीला मुलासाठी नवस बोलले होते, फेडायला जाते, मुलींनाही पाया पडवून आणते. मुलग्यासाठीचा नवस म्हटल्यावर म्हातारी स्वतः तुझ्या पिशवीत भाकऱ्या भरेल. लाचला उतरायचं नाही. तसंच दक्षिणेला कोर्चेपर्यंत. तिथे झेफ तुम्हाला घ्यायला येईल. सीमा कुठून ओलांडायची ते त्याला पाठ आहे.

हो, मी त्याला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय कसं होणार? तो जेवता जेवता ऐकत होता. जेवण संपवलं, तोंड पुसलं, म्हणाला, "बघतो." तुला ठाऊक आहे, आपल्या सासरच्या माणसांनी "बघतो" म्हटलं की ते काम झालंच.

इथे एक खोली आहे, आपण दाटीवाटीने राहू. तुझ्या मुली माझ्या पोरांना आपली भाषा शिकवतील. तेवढाच फायदा.

तुझी व्हितोरे


पेशकाय, २७ डिसेंबर १९९८

ताई,

सगळं तू सांगितलंस तसंच करेन. सासूबाईंना नवसाचं बोलले, त्या लगेच हो म्हणाल्या.

पण एक सांगू का? मला लाज वाटायला लागलीये. म्हातारा नवा पाळणा करतोय. स्वतःच्या हाताने. दिवसभर चुलीपाशी बसून कोरतो, बोटं थरथरतात, एकदा पटाशी तळहातात घुसली तर रक्त चाटून पुन्हा कोरायला लागला. लीझा लांबून बघत बसते. काल त्याने तिला लाकडाची ढलपी दिली, "घे, घोडा कर," म्हणाला. तिने घेतली.

मला म्हणतो, "सूनबाई, माझ्या बापाचे पाय गेले तेव्हा मी त्याला रोज पाठीवर घेऊन उन्हात बसवायचो. मरेपर्यंत. वास यायचा त्याला, तरी घ्यायचो. मला कोण बसवणार या भीतीने मला झोप येत नव्हती. आता येते."

ज्या माणसाने मांजराचं पिल्लू कुऱ्हाडीखाली चिरडलं तोच हा माणूस. मी काय करू?

तोम मुलींना पाठीवर घेऊन बर्फात फिरवतो. काल मला म्हणाला, "मी तुला मारलं ते विसर." मी म्हटलं, "विसरले." कधी कधी वाटतं त्याला खरं सांगावं. पण मग जिन्यातली ती भिंत आठवते.

सहा जानेवारीचा थ्री किंग्जचा सण झाला की तयारीला लागते.

दिला


सालोनिका, २५ जानेवारी १९९९

दिला,

हे पत्र मिळाल्याबरोबर निघ. कोर्चेला कोणी येणार नाही. मिळेल त्या गाडीने मिळेल तिकडे जा, पण घर सोड.

झेफने घात केला. नाताळाला गावी निघालेल्या एकाबरोबर त्याने बापाला तोंडी निरोप धाडला. पोटात मुलगी आहे, सून खोटं बोलतेय, आणि मुली घेऊन पळणार आहे. हे मला काल कळलं. तो बूट घालून बसायला हवा होता कोर्चेला जाण्यासाठी, आणि हा टीव्ही बघत बसलेला. मी विचारलं, "निघायचं नाही?" तर म्हणतो, "कशाला? तिला आता कोणी सोडणार नाही."

मी विचारलं, का? तुझं काय घोडं मारलं तिने?

म्हणाला, "बायको गेली की तोम तिच्या मागे जाईल. मग ते दोघं म्हातारे कोणाच्या गळ्यात? माझ्या. तू धुशील का त्यांचं, ग्रीक म्हातारीचं धुतेस तसं?"

मी हातातला तवा त्याच्या तोंडावर मारला. भुवई फाटली. त्याने माझा समोरचा दात पाडला. पोरं दोघंही टेबलाखाली बसून होती. दात पाडला त्याचं दुःख नाही, दिला. मी त्याला मवाळ म्हणाले होते, तुझी पत्रं त्याला मोठ्याने वाचून दाखवली होती. घास हातात धरून तो तुझी दया येऊन ऐकत नव्हता. त्याला भीती वाटत होती.

एक ओळ लिही. फक्त आहेस एवढं लिही.

व्हितोरे


पेशकाय, २० फेब्रुवारी १९९९

ताई,

मी आहे. तोम नाही.

तुझं पत्र काल मिळालं. बर्फाने रस्ता बंद होता, शाळाही बंद. मिळालं असतं तरी उशीरच होता, निरोप त्याच्या आधी पोचला होता.

थ्री किंग्जच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा आला. कॉफी प्याला, राकीची दारू प्याला, म्हाताऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि गेला. पाळणा जवळजवळ पुरा झाला होता, एका बाजूची नक्षी तेवढी उरली होती. म्हाताऱ्याने तो उचलला आणि चुलीत घातला. उभाच्या उभा. ओलं लाकूड, धूर झाला. सासूबाई ओरडल्या, "अरे काय करतोस!"

तो म्हणाला, "मांजरांना पाळणा लागत नाही."

मग चुलीतली सळई घेऊन माझ्याकडे आला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मी हातावर घेतला. हाडाचा आवाज मी स्वतः ऐकला. मी पोट झाकून भिंतीकडे तोंड केलं. पाठीवर किती बसले माहीत नाही. लीझा किंचाळत होती. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकला तो असा.

तोम गोठ्यातून धावत आला. म्हाताऱ्याने त्याला सांगितलं. तोम माझ्याकडे वळला. "खरं?"

मी म्हटलं, "खरं. मुलगी आहे."

ताई, त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मला वाटलं आता तोही मारणार. त्याचा हात वर गेलाही होता. मग तो वळला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"बाजूला हो," म्हातारा म्हणाला.

"नाही बाबा. मारायचं ते माझं मारून झालंय. आता पुरे."

"मग मला कोण बघणार? ही? हिच्या पोरी?"

"मी बघीन. मी कुठे गेलोय?"

"तू जाशील. झेफही असंच म्हणायचा."

म्हाताऱ्याने सळई उगारली, तोमने ती हिसकावली आणि बापाला ढकललं. जोरात नाही ढकललं. पण म्हातारा बाकावर आपटला, टोपी पडली, टक्कल उघडं पडलं. सुनेसमोर, नातींसमोर. तो उठला, भिंतीवरची बंदूक काढली. दोन वर्षांपूर्वी सरकार कोसळून देशभर लूट झाली तेव्हा तोमनेच ती लष्कराच्या कोठारातून आणली होती, घराच्या रक्षणाला. तोम म्हणाला, "बाबा, ती भरलेली आहे." हेच त्याचे शेवटचे शब्द. भांडणही नाही, शिवी नाही, बापाला इजा होऊ नये म्हणून सावध केलं.

गोळ्या गळ्याला आणि छातीला लागल्या. तो माझ्या पायांवर पडला. म्हातारा म्हणाला, "ऊठ." पुन्हा म्हणाला, "ऊठ रे, मी काय खरंच..." मग खाली बसून त्याला हलवायला लागला. म्हाताऱ्याला केस नव्हते म्हणून सासूबाईंनी त्याचे कान धरले, ओढले, त्याच्या गालांवर नखांनी रक्त काढलं. तो हलला नाही. रस्ता खुला झाला तेव्हा पोलीस आले, तो आपणहून गाडीत जाऊन बसला.

माझा हात बांधलाय, डाव्या हाताने लिहितेय. बाळ पोटात हलतंय.

आता पुढचं. थोरले चुलत सासरे आणि घराण्यातली बाकीची मंडळी निवाड्याला बसली होती. मी ऐकलं. विधवा मोकळी, माहेरी जाऊ शकते. पण बाळंत होईपर्यंत घर सोडायचं नाही. पोटातला मुलगा निघाला तर तो घराचा, तो इथेच राहणार, आजी वाढवेल, घराण्याची चूल विझता कामा नये. मी गेले तर एकटी जायचं. मुली मात्र हव्या तर न्याव्यात. "त्या तशाही पाहुण्या," असं म्हणाले.

सासूबाईंचा यंत्रावर विश्वास नाही. रोज माझ्या पोटावर हात ठेवतात आणि म्हणतात, "मुलगाच आहे. माझा तोम परत येतोय." दाराला बाहेरून कडी असते, अंगणात चुलत दीर आळीपाळीने बसतात.

ताई, डॉक्टरने मुलगी सांगितलंय. तो चुकला नसू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मुलगी मागतेय.

दिला


पेशकाय, २९ मार्च १९९९

व्हितोरेताई,

मुलगी झाली. मी बरी आहे. मंडळींनी जायला परवानगी दिलीये. चौघींना घेऊन उद्या खाली उतरते. पत्ता कळवीन.

दिला


सालोनिका, ६ जून १९९९

दिला,

तुझा पत्ता मिळाला, जीव भांड्यात पडला. दुर्रेसला समुद्र आहे, मुलींना आवडेल. बुटांच्या कारखान्यात डोळे सांभाळ, सुई लांब असते म्हणे.

इकडची बातमी. झेफ गावी गेला आणि आईला घेऊन आला. दुसरा इलाजच नव्हता, गावात तिला कोण ठेवणार? ज्यासाठी त्याने हे सगळं केलं तेच त्याच्या गळ्यात पडलं. मी त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. अंथरूण पोरांच्या शेजारी नेलंय. पण म्हातारीला नाही म्हणता आलं नाही गं. काळ्या कपड्यांत, एक बोचकं घेऊन दारात उभी, लिफ्टला घाबरून चार मजले चढून आलेली. मी तिला अंघोळ घालते. आता माझ्याकडे दोन म्हाताऱ्या, एकीचे पैसे मिळतात.

सारा दिवस बाल्कनीत बसते. जेलमधल्या नवऱ्याचं नाव काढत नाही. झेफने हातात पाणी दिलं तर घेत नाही, ग्लास खाली ठेवायला लावते आणि मग उचलते.

पण तिचं डोकं फिरलंय असं मला वाटतं. परवा मी कांदे चिरताना सहज म्हटलं, "बिचारी दिला. एवढा नवरा गेला, आणि देवाने पदरात टाकली ती चौथी मुलगीच." तर म्हातारी हसायला लागली. पोट धरून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी घाबरले. झेफ आतून आला, "काय झालं?" तशी एकदम गप्प. तो गेला की पुन्हा सुरू. आता तर मुद्दाम विचारते मला, "धाकटीला कितवी झाली?" मी "चौथी" म्हटलं की हसते. डॉक्टरला दाखवू का? तुला काही ठाऊक आहे का, तिथे बाळंतपणात काही झालं होतं का?

व्हितोरे


दुर्रेस, १८ जुलै १९९९

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. कारखान्यातली एक बाई तिकडे नवऱ्याकडे चाललीये, ती तू काम करतेस त्या घरी तुझ्या हातात देईल. तिथेच वाच आणि त्या ग्रीक म्हातारीच्या शेगडीत जाळ. तुला सांगावं की नाही यात माझा महिना गेला. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तुझ्या घरात कोण आहे ते आपल्या दोघींना माहीत आहे.

डॉक्टरला दाखवू नकोस. सासूबाईंचं डोकं ठिकाणावर आहे. तुझ्या माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे.

कळा सकाळी सुरू झाल्या. सासूबाईंनी पोरींना शेजारी धाडलं आणि खोलीला आतून अडसर घातला. पलीकडच्या खोलीत पुरुषमंडळी जमली, राकी मांडली, बंदुका आणल्या. मुलगा झाला तर झाडायच्या होत्या. त्यांचं बोलणं भिंतीतून ऐकू येत होतं. कोणीतरी तर नावही ठरवत होतं. मोडलेल्या हाताने मला जोर घेता येईना. सासूबाई माझ्या मागे बसल्या, त्यांचे ते गेलेले गुडघे माझ्या पाठीला लावून मला धरलं. ओरडू दिलं नाही, तोंडात टॉवेल कोंबला. "दात लाव. ओरडलीस तर ते आत येतील."

बाळ आलं. सासूबाईंनी उचललं. मी बघितलं आणि त्यांनीही बघितलं.

डॉक्टर चुकला होता, ताई. मुलगा होता.

मी नाळ कापायची सुरी उचलली. खरं सांगते, त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं असतं तर मी ती त्यांच्या गळ्यात घातली असती. सोडली नसती. मी एवढी शांत होते की मला माझीच भीती वाटते अजून.

त्यांनी आधी बाळाकडे बघितलं, बराच वेळ. मग सुरीकडे. म्हणाल्या, "ठेव ती. ओल्या बाळंतिणीने लोखंड धरू नये."

बाळाला माझ्या छातीशी दिलं, माझा स्तन त्याच्या तोंडात घातला, म्हणजे आवाज नको. कमरेच्या फडक्याला हात पुसले. अडसर काढला, दार जरासं उघडलं आणि म्हणाल्या, "चौथी."

पलीकडे कोणीतरी थुंकलं. खुर्च्या सरकल्या. राकीची बाटली उचलून नेल्याचा आवाज आला.

दार लागल्यावर मी विचारलं, "आणि तुम्हाला कोण बघणार?"

त्या म्हणाल्या, "दोन वाढवले होते त्यासाठीच. एकाने चहाडी केली, एकाला बापाने मारलं. आता याला कोणासाठी ठेवू? तुरुंगातून तो सुटून येईल, त्याला पाठीवर घ्यायला?" मग बाळाला असं घट्ट गुंडाळलं की नुसतं नाक दिसत होतं. "वाटेत हे दुपटं कोणालाही सोडू देऊ नकोस. माहेरी भावाकडे जाऊ नकोस, तिथली बाई लंगोट बदलायला धावेल. लांब जा."

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा सगळा गाव दारात. द्राने बाळाला उराशी धरून चालत होती. एक चुलत दीर जवळ आला, म्हणाला, "बघू तरी पाहुणी." त्याने दुपट्याला हात घातलाच. तेवढ्यात सासूबाई उंबऱ्यावर आल्या आणि त्यांनी जे तोंड सोडलं! सटवी म्हणाल्या, माझा पोरगा खाल्लास म्हणाल्या, चार चार काळतोंड्या जन्माला घातल्यास, तुझ्या पोटात दगड पडो म्हणाल्या. शेण उचलून माझ्यावर फेकलं. चुलत दिराच्या अंगावरही उडालं, तो शिव्या देत मागे सरला. दहा वर्षं त्या घरात राहिले, इतक्या घाण शिव्या मी ऐकल्या नव्हत्या. बायका तोंडाला रुमाल लावून बाजूला झाल्या. बाळाकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. घसा फाटला होता, तरी थांबल्या नाहीत.

त्याचं नाव व्हालोन ठेवलंय. कोणा मेलेल्याचं नाव दिलं नाही. तोमसारखा कपाळाला आठी घालून दूध पितो. लीझा त्याच्याशी बोलते, दिवसभर, थांबतच नाही. कारखान्यातल्या बायका म्हणतात, "मुलगा आहे, म्हातारपणी राणीसारखी राहशील." मी सुईत दोरा ओवते.

सासूबाईंना सांग, तो पालथा पडायला लागला. झेफ घरात नसताना सांग. त्या हसल्या तर हसू देत, थांबवू नकोस. फक्त बाल्कनीचं दार लावून घे.

तुझी,
दिला